‘हार्मोनचं रेडिओॲक्टिव्ह इंजेक्शन’वाला मेसेज: जरा थांबा

तुमच्याकडेही आला असेल. ब्रेस्ट कॅन्सरच्या नव्या पेट स्कॅनमध्ये (टोचलेलं रेडिओॲक्टिव्ह औषध अंगात कुठे जमतं त्याचा फोटो) रेडिओॲक्टिव्ह इस्ट्रोजेन टोचतात, त्याने कॅन्सर भडकतो, रेडिएशन महिनोन्महिने अंगात राहतं, आणि शेवटी वर हेही, की स्कॅन कोरा आला तर कॅन्सर नाहीच, बायोप्सी कशाला! म्हणजे घाबरवायचं पण आणि खोटा दिलासा पण द्यायचा.

हार्मोनने कॅन्सर भडकतो म्हणे. इंजेक्शनमधलं औषध एफईएस, म्हणजे इस्ट्रॅडिओलच्या (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) रेणूवर १६ नंबरच्या कार्बनला रेडिओॲक्टिव्ह फ्लोरिन-१८ जोडलेला. तो जास्तीत जास्त ५ मायक्रोग्रॅम जातो, इस्ट्रॅडिओलची १ मिलिग्रॅमची गोळी असते तिचा दोनशेवा भाग. आणि हे काही उपकार म्हणून कमी ठेवलेलं नाही बरं का, पेशीत रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेन जिथे जाऊन चिकटतं ती प्रथिनं, मुळात मोजकेच, त्यात फ्लोरिन-१८ नसलेले साधे रेणू जास्त गेले तर तेच जागा अडवून बसतात आणि फोटो फिका येतो. कॅट्झेनेलेनबोगेन आणि वेल्च या संशोधकांनी १९८० च्या दशकात हे काम केलं तेव्हा अर्धी डोकेदुखी हीच होती, फ्लोरिन अशा जागी बसवायचा की रिसेप्टरने रेणू ओळखला पाहिजे, आणि सोबत साध्या रेणूंची भेसळ नको.

महिनोन्महिने रेडिएशन? फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला आठ हजारावा हिस्सा उरतो, तोही लघवीतून वगैरे गेलेला न धरता. डोस शून्य नाही हे खरं, साधारण ५ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून दोनेक वर्षांत मिळतो तेवढा.

आता कोरा स्कॅन, माझ्या मते सगळ्यात घातक मुद्दा हाच. हा स्कॅन कॅन्सर दाखवतच नाही, रिकामा इस्ट्रोजेन रिसेप्टर दाखवतो. गाठीत रिसेप्टर नसेल तर गाठ असूनही काही चमकणार नाही. टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेनला अडवणारी कॅन्सरची गोळी) चालू असेल तर रिसेप्टरची जागा त्यानेच घेतलेली असते, गोळी बंद केल्यावरही ८ आठवड्यांपर्यंत हा घोळ राहू शकतो, फुलवेस्ट्रंट या तशाच दुसऱ्या औषधाचा तर २८ आठवड्यांपर्यंत. लिव्हरचं उलटंच, एफईएस तिथेच मोडतं म्हणून अख्खं लिव्हर उजळतं आणि त्यातली गाठ हरवून जाते.

बायोप्सीचं म्हणाल तर २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) मंजुरी दिली तीच बायोप्सीच्या जोडीला म्हणून. सुई एकाच गाठीत जाते, हाडात चार ठिकाणी पसरलेल्या बाकीच्या गाठींत रिसेप्टर आहे का, ते बघायला हा स्कॅन.