"ताई, ते दिल्लीचं काम आहे"

गेल्या रविवारी आमच्या भागातल्या बागेत खासदारांच्या हस्ते ओपन जिमचं उद्घाटन झालं. सोसायटीची सचिव म्हणून मी अर्ज घेऊन रांगेत उभी होते. माझ्या पुढच्या काकांना गणपतीला गावी जायचं होतं, वेटिंगवरचं तिकीट कन्फर्म व्हावं म्हणून कोट्याचं पत्र हवं होतं. त्यांच्या पुढच्या बाईंना मुलाच्या शाळाप्रवेशासाठी कुणीतरी शब्द टाकायला हवा होता. एक जण वास्तुशांतीचं आमंत्रण घेऊन आले होते. तिघांचीही कामं दोन-दोन मिनिटांत झाली.

माझा नंबर आला. खासदारांच्या स्वीय सहाय्यकांनी माझा अर्ज वरपासून खालपर्यंत नीट वाचला आणि घडी घालून परत दिला. म्हणाले, "ताई, हे संरक्षण खात्याचं आहे. ते दिल्लीचं काम आहे."

घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात घोळत होतं. आपण खासदार निवडून पाठवतो कुठे? दिल्लीलाच ना?

त्या सहाय्यकांवर माझा राग नाही. लोक रोज त्यांच्याकडे जे मागतात, ते देण्याची त्यांना सवय झाली आहे. मला सलतं ते हे, की इतकी वर्षं मतदान करूनही मी स्वतः माझ्या खासदाराला कधी विचारलं नव्हतं : साहेब, अधिवेशनाच्या आठवड्यात तुम्ही तिथे नेमकं काय करता?

अर्ज कशाचा होता ते सांगते. आमची इमारत मुंबईच्या उपनगरात, एका लष्करी डेपोच्या कुंपणाजवळ आहे. सत्तरच्या दशकातली, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. जिन्याखाली दोन वर्षांपासून लोखंडी टेकू लावलेत. तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. पावसाळ्यात त्यांच्या स्वयंपाकघरात गळणाऱ्या स्लॅबखाली दोन बादल्या आणि एक पितळी पातेलं असतं. भांडं भरत आलं की पाण्याचा आवाज बदलतो, आणि त्या आवाजाने त्यांना रात्री जाग येते. त्यांचे यजमान त्याच डेपोत सिव्हिलियन स्टोअरकीपर होते. तीस वर्षं ते डबा घेऊन ज्या गेटमधून आत गेले, ते गेट काकूंच्या खिडकीतून दिसतं. आज त्याच गेटामुळे त्यांच्या इमारतीचा पुनर्विकास अडलेला आहे.

का अडला? कायदा १९०३ चा आहे, वर्क्स ऑफ डिफेन्स अ‍ॅक्ट. संरक्षण आस्थापनांभोवतीच्या बांधकामावर निर्बंध घालायचे असतील तर अधिसूचना काढावी लागते आणि ज्यांचं नुकसान होतं त्यांना भरपाई द्यावी लागते, असं त्या इंग्रजांच्या काळच्या कायद्यातसुद्धा आहे. मग २०१० मध्ये कुलाब्याच्या लष्करी भागातल्या ३१ मजली 'आदर्श' सोसायटीचा घोटाळा बाहेर आला. सगळा देश हादरला, आणि हादरायलाच हवा होता. त्यानंतर १८ मे २०११ रोजी संरक्षण मंत्रालयाचं एक परिपत्रक निघालं : भिंतीपासून १०० मीटरच्या आत, आणि चार मजल्यांहून उंच इमारत असेल तर ५०० मीटरच्या आत, लष्कराची ना-हरकत हवी. २०१६ मध्ये ते सैल केलं. १९३ ठिकाणी १० मीटर, १४९ ठिकाणी १०० मीटर.

आता हे आकडे पुन्हा एकदा वाचा. १९३ ठिकाणी ५०० मीटरचे १० मीटर झाले. म्हणजे पाच वर्षं ज्या हजारो कुटुंबांनी पुनर्विकासाची फाईल बासनात बांधून ठेवली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना थांबायची गरजच नव्हती. मग आधीचा आकडा कुठल्या अभ्यासावर ठरला होता? सुरक्षा नको असं म्हणणारी मी नाही. डेपोत दारूगोळा असेल तर भिंतीलगत टॉवर नकोच. पण मग मोजमाप करा, कारण द्या, कायद्याने अधिसूचना काढा आणि आमचं घर बांधलं जाणार नसेल तर भरपाई द्या. घटनेचं कलम ३००-अ म्हणतं की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता हिरावता येणार नाही. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. त्यावर कुठल्याही सभागृहात मतदान होत नाही.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. काकूंचं स्वयंपाकघर संरक्षण खात्यात अडकलंय, गृहनिर्माणातही अडकलंय, आणि कोर्टात गेलो तर न्यायखात्याच्या तारखांतही अडकेल. या तिन्ही दारांवर एकाच वेळी टकटक करण्याचा अधिकार असलेला माणूस आपल्याकडे एकच आहे. आपला खासदार.

कसा, ते गेले काही दिवस मी वाचून काढलं. अधिवेशन चालू असताना लोकसभेत सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास असतो. रोज २० तारांकित प्रश्न यादीत येतात, त्यांची उत्तरं मंत्र्यांनी उभं राहून द्यायची आणि वर उपप्रश्नही झेलायचे. २३० अतारांकित प्रश्न असतात, त्यांची उत्तरं लेखी. एका खासदाराला एका दिवसासाठी पाच प्रश्नांच्या सूचना देता येतात. नोटीस १५ दिवस आधी. पाच प्रश्न! आठवड्याचे पाच दिवस धरले तर पंचवीस. सगळे यादीत येत नाहीत, चिठ्ठ्या पडतात. तरी तीन-चार लागले तरी मंत्रालयाला आकडे कागदावर द्यावे लागतात. आरटीआयला जे उत्तर आम्हाला दोन-दोन वर्षं मिळत नाही, ते खासदाराच्या एका प्रश्नाला मिळू शकतं. कारण सभागृहात चुकीचं उत्तर देणं मंत्र्याला परवडत नाही.

दुसरं काम समित्यांचं, आणि ते आपल्याला जवळपास माहीतच नाही. संरक्षण, विधी व न्याय, गृहनिर्माण व नगरविकास अशा विषयांच्या २४ स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. अर्थसंकल्प मांडून झाला की मधल्या सुट्टीत या समित्या खात्याखात्याच्या मागण्या तपासतात, सचिवांना समोर बसवून विचारतात. २०२५-२६ चं संरक्षणाचं अंदाजपत्रक ६.८१ लाख कोटी रुपयांचं होतं, त्यातले १.६० लाख कोटी निवृत्तिवेतनाचे. साताऱ्या-सांगलीकडच्या किती घरांची चूल त्या पेन्शनवर पेटते ते तिकडचा माणूस सांगेल. त्या रकमेकडे ओळ न ओळ बघायची जागा म्हणजे ही समिती. तिथे कॅमेरा नसतो, म्हणून तिथे पक्षाचा झेंडा जरा बाजूला ठेवून बोलता येतं.

या समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या. खासदार निधीही त्याच वर्षी सुरू झाला. आज वर्षाला पाच कोटींचा निधी शाळेतल्या पोरालासुद्धा माहीत आहे, कारण त्यातून बाकडी येतात, शेड येते, ओपन जिम येते, आणि प्रत्येक वस्तूवर नाव असतं. समितीच्या अहवालावर कुणाचा फोटो नसतो. म्हणून तो कुणी मागत नाही.

आणि त्याचा परिणाम आपल्याच घरावर होतो. माझ्या भावाने २०११ साली घर बुक केलं होतं. बिल्डरने सगळ्यांचे पैसे गोळा करून दुसऱ्याच प्रकल्पात फिरवले. तेव्हा त्याला रोखणारं कुणी नव्हतं. पुढे रेरा कायदा आला. त्याचं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं, मग पुन्हा राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेलं. मध्यंतरी असा प्रस्ताव होता की ग्राहकांकडून घेतलेल्या पैशांतले फक्त ५० टक्के बिल्डरने वेगळ्या खात्यात ठेवावेत. मार्च २०१६ मध्ये कायदा झाला तेव्हा तो आकडा ७० होता. हे वीस टक्के म्हणजे एखाद्या कुटुंबाचा पाचवा हप्ता, आईच्या बांगड्या, पीएफमधून काढलेली उचल. ते कुणीतरी कागदावर भांडून वाचवलेत. त्या माणसांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स आपल्या चौकात लागले नाहीत.

आता उलट बाजू बघा. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत १६ टक्के. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या, सतराव्या लोकसभेच्या २७४. मुदत पूर्ण केलेल्या लोकसभांमध्ये सगळ्यात कमी. मी कुठल्या पक्षाची म्हणून हे लिहीत नाही. पाच वर्षांत २७४ दिवस म्हणजे वर्षाला साधारण ५५, आणि एवढ्या दिवसांत १४० कोटी माणसांचे कायदे करायचे, याची मला मनापासून काळजी वाटते.

भारतीय न्याय संहिता आणि तिच्या सोबतचे दोन कायदे डिसेंबर २०२३ मध्ये संमत झाले. देशातले तीन मुख्य फौजदारी कायदे बदलले, आणि त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित होते. त्या कायद्यांत चांगलं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. त्यांतल्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये आहे की आधी कुठल्याच गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडावं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. २०२२ च्या अधिकृत आकडेवारीनुसार देशाच्या तुरुंगांतले १०० पैकी जवळजवळ ७६ जण कच्चे कैदी होते. गुन्हा सिद्ध न झालेली चार लाखांहून जास्त माणसं. १ जुलै २०२४ ला कलम लागू झालं. महाराष्ट्रातून त्या कलमाखाली किती जण सुटले, कुठल्या तुरुंगातून, किती जण जामीनदार नाही म्हणून अजून आतच आहेत? एक प्रश्न, एक तक्ता. कुणाच्या खासदाराने विचारलाय का? तुमच्या खासदाराने विचारलाय का, शोधून बघा. संसदेच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की प्रत्येक प्रश्न आणि त्याचं उत्तर दिसतं.

सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेचंही तसंच. १४ जून २०२२ ला जाहीर झाली, चार वर्षांची भरती, चारांतला एक कायम, बाकीच्यांना पेन्शन नाही. योजना चांगली की वाईट यावर गावागावांत पारावर वाद झाले, पण विधेयक म्हणून ती सभागृहात आलीच नाही. परिपत्रकं आणि योजना मतदानाशिवाय येतात, तेव्हा खासदाराचा प्रश्न हीच एक वाट उरते.

एकट्या खासदाराने काय होणार, असं कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच. कोकणाने बॅरिस्टर नाथ पै पाठवले होते. १९६७ च्या गोलकनाथ निकालात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांत बदल करण्याचा संसदेचा अधिकार नाकारला. घटनादुरुस्तीचा तो अधिकार पुन्हा स्पष्ट व्हावा म्हणून त्यांनी खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक, मांडलं. ते काही संमत झालं नाही. पण १९७१ ची २४वी घटनादुरुस्ती त्याच वाटेने गेली. खासगी विधेयकं आणि ठराव यांना आजही शुक्रवारी दुपारचे अडीच तास असतात. आजवर अशी १४ खासगी विधेयकंच कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये, आणि ते न्यायाचंच होतं : सर्वोच्च न्यायालयाकडे फौजदारी अपील करण्याचा हक्क वाढवणारं. शुक्रवारी दुपारी आपले खासदार सभागृहात असतात की परतीच्या विमानात, हे आपण विचारलं तर गैर काय?

मला आठवड्याला एक पान हवं आहे. कुठल्या समितीच्या बैठकीला गेलात, काय विचारलंत, कुठलं विधेयक वाचलंत, मत कुठे दिलंत. लग्नाला आला नाहीत तरी चालेल. आमच्या सोसायटीच्या पूजेलाही नाही आलात तरी कुणी नाराज होणार नाही, मी सगळ्यांना समजावीन.

परत आलेला अर्ज मी फाडला. आता दुसरा लिहिलाय, प्रश्नाच्या नमुन्यात. प्रश्न १५० शब्दांत बसवायचा असतो, बसला :

"संरक्षण मंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय : (अ) महाराष्ट्रात संरक्षण आस्थापनांच्या ना-हरकतीअभावी पुनर्विकास रखडलेल्या, धोकादायक ठरवलेल्या निवासी इमारती किती, जिल्हानिहाय, (ब) २०११ मधील १०० व ५०० मीटर आणि २०१६ मधील १० व १०० मीटर ही अंतरं कोणत्या पाहणीच्या आधारे ठरवली, (क) अशा रहिवाशांना १९०३ च्या कायद्यानुसार भरपाई देण्याचा शासनाचा विचार आहे काय, नसल्यास कारणे?"

काल संध्याकाळी सह्या घ्यायला जिने चढले. काकूंनी चष्मा लावून तिन्ही भाग वाचले. "ब" जवळ बोट ठेवून म्हणाल्या, "हे ह्यांनी विचारलं असतं." मग पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यावर करतात तशी, पूर्ण नाव लिहून सही केली.

५२ सह्या झाल्यात. येत्या रविवारी सकाळी १० वाजता खासदारांच्या कार्यालयात जाणार आहोत. आमच्या भागातल्या ज्यांना यायचंय त्यांनी गेटपाशी पावणेदहाला भेटा. सहाय्यकांनी पुन्हा "ते दिल्लीचं काम आहे" म्हटलं तर मी सांगणार आहे, हो दादा, म्हणूनच तुमच्याकडे आणलंय.