‘कॉलेजात सगळेच करतात’, हे मोजलं कुणी?

मुलं कॉलेजात गेली की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. हल्ली कॉलेजात कॅज्युअल सेक्स सगळेच करतात, न करणाऱ्याला मित्र मागासलेला ठरवतात, त्या दबावापुढे कुणाचं काही चालत नाही, म्हणून मुलांना संगतीपासून लांब ठेवा, असा त्याचा मजकूर. पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे. मेसेज मात्र चुकीचा आहे आणि त्याने नुकसान होतं, म्हणून लिहितेय.

आधी ‘हल्ली’ आणि ‘सगळेच’. हूकअप म्हणजे नात्यात न अडकता आलेली शारीरिक जवळीक; त्याच्या चर्चेचा सगळ्यात मोठा गाजावाजा अमेरिकेत झाला. तिथे मार्टिन मोंटो आणि ॲना कॅरी या संशोधकांनी 1988–96 आणि 2004–12 या दोन काळांतल्या कॉलेजवयीन तरुणांची उत्तरं ताडून पाहिली. वर्षभरात एकापेक्षा जास्त जोडीदार असलेले आधी 31.9 टक्के होते, नंतर 31.6 टक्के. मित्राशी किंवा जुजबी ओळखीतल्या माणसाशी संबंध आल्याचं सांगणारे वाढले, हेही त्यांना आढळलं आणि ते लपवायचं कारण नाही. पण म्हणून ‘सगळेच’ होत नाही. शिवाय ‘हूकअप’ या शब्दात चुंबनापासून संभोगापर्यंत काहीही बसतं. सांगणारा मोघम सांगतो, ऐकणारा त्यातला सगळ्यात मोठा अर्थ धरतो.

आता दबाव. तो असतो, नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तो येतो कुठून, हे मेसेज लिहिणाऱ्याला कळलेलंच नाही. आमच्या होस्टेलच्या खोलीत एक मुलगी रात्री तिखटमीठ लावून किस्से सांगायची आणि आम्ही तिघी हसायचो. एकदा बाहेर गॅलरीत दात घासताना मी एकीला विचारलं, ‘तुला हे आवडतं ऐकायला?’ ती म्हणाली, ‘नाही गं. तू हसतेस म्हणून हसते.’ मी तिच्याकडे बघून हसत होते!

समाजमानसशास्त्रात याचा अभ्यास झालेला आहे. 2003 साली ट्रेसी लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं: हूकअपबद्दल तुम्हाला स्वतःला किती मोकळं वाटतं, आणि इतरांना किती वाटत असेल? मुलगे काय नि मुली काय, दोघांनीही इतरांना आपल्यापेक्षा मोकळं ठरवलं. त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. मुलींना प्रत्यक्षात जेवढं चालत होतं, त्याहून जास्त चालतं असं मुलगे धरून चालले होते. मुलींचाही मुलग्यांबद्दल असाच गैरसमज होता. म्हणजे बंद खोलीत दोघंही अवघडलेले असू शकतात आणि समोरच्याला हे हवंच आहे असं मानून दोघंही गप्प राहू शकतात. मुलगा विचारत नाही, मुलीला ‘नको’ म्हणणं जड जातं. संमती जिथे स्पष्ट शब्दांत विचारायला हवी, तिथे ‘सगळ्यांना चालतं’ ही ऐकीव समजूत उत्तर देऊन मोकळी होते. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

‘कुणाचं काही चालत नाही’ हेही खोटं. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या 1950च्या दशकातल्या प्रयोगांत आधीच पढवून ठेवलेला सगळा गट धडधडीत चुकीचं उत्तर द्यायचा आणि ज्यांना हे ठाऊक नसायचं त्यांतले अनेक जण त्याच्यामागे जायचे. पण गटातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी मागे जाणारे कितीतरी कमी व्हायचे. तिथे प्रश्न रेघांच्या लांबीचा होता, शरीराचा नव्हता, हे मान्य. तरी आमच्या गॅलरीत जे झालं ते याच जातीचं होतं. दुसऱ्या दिवशीपासून आम्ही दोघी हसलो नाही, आणि किस्से आपोआप कमी झाले.

म्हणूनच संगत तोडायचा सल्ला उलटा पडतो. मनातलं खरं बोलायला जवळचं माणूस लागतं, आणि त्या वयात ते बहुतेकदा मैत्रीण किंवा मित्रच असतो. एकट्या पडलेल्या मुलाकडे उरतात फक्त लांबून ऐकलेल्या बढाया.

आणि हा मेसेज पालक मुलांनाही पुढे पाठवतात. मुलगा तो उघडतो आणि पहिलंच वाक्य वाचतो: हल्ली कॉलेजात सगळेच करतात. आता हे त्याला आईबाबांनीही सांगितलेलं असतं.