फुली मारायची तरी कुठली?

शिकारीला निघालेल्या माणसाची पहिली शिकार दुर्बिणी विकणारे करतात. रायफल घेताना मला एवढा घाम फुटला नव्हता. काडतूस ठरवतानाही नाही. पण स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण, दाखवा म्हटल्याबरोबर दुकानदाराचा प्रश्न आला, "रेटिकल कुठलं?"

"फुली असते ना, तीच," मी म्हणालो.

त्यावर त्याने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही.

पूर्वी या फुलीसाठी कोळ्याचा धागा वापरत. एक आडवा, एक उभा, विषय संपला. आता धागा गेला आणि अख्खं जाळं आलं. मधल्या ठिपक्याखाली खुणांच्या ओळी उतरत जातात, प्रत्येक ओळ वरच्यापेक्षा रुंद. खाली जाल तसं अंतर वाढतं आणि बाजूला सराल तसा वारा. हरीण या सगळ्याच्या पाठीमागे कुठेतरी उभं असतं. दिसलंच, तर नशीब.

मग मापं. इथे दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नाही. दोन्ही मापं कोनाचीच. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, 100 यार्डांवर 1.047 इंच. त्या .047 वर लोक तासन्‌तास भांडतात. मिलवाले सरळ आहेत: एक मिल म्हणजे 100 मीटरवर 10 सेंटिमीटर, आणि नेम सरकवायच्या डायलचा 0.1 मिलचा एक क्लिक म्हणजे 1 सेंटिमीटर. मी मीटरमध्ये विचार करणारा माणूस, त्यामुळे धर्मांतराची वेळ आली नाही. पण रेटिकल मिलमध्ये आणि डायल एमओएमध्ये, असेही स्कोप बनवले गेले आहेत. समोर हरीण, थंडीने आखडलेली बोटं आणि मनात एका मिलला 3.438 एमओए हा पाढा! ज्याने हे काढलं त्याला सावजांनी हार घालायला हवा.

खरा छळ पुढे आहे, फोकल प्लेनचा, म्हणजे दुर्बिणीच्या आत फुली कुठे बसवली आहे त्याचा. रेटिकल पहिल्या प्लेनमध्ये असेल तर झूमबरोबर फुलीही मोठी होते, त्यामुळे खुणा कुठल्याही झूमवर खऱ्या. ऐकायला छान. पण झाडीत झूम कमी केला, त्यात दिवस मावळायला आला, की ते महागडं जाळं केसाएवढं बारीक होऊन पालापाचोळ्यात गडप. दुसऱ्या प्लेनमधली फुली तेवढीच राहते, पण तिच्या खुणा एकाच झूमवर खरं बोलतात, बहुधा सगळ्यात मोठ्या. 12 वरून 6 वर आलात की प्रत्येक खुणेची किंमत दुप्पट. म्हणजे एक दिसत नाही आणि दुसरी दिसते पण थापा मारते.

एलिव्हेशनचा, म्हणजे नेम वरखाली करायचा डायल त्यामानाने साधा वाटतो. उघडा घ्यायचा की टोपीखालचा, एवढंच. उघडा डायल फिरवायला झकास: अंगठ्याखाली एकेक क्लिक टक् टक् जाणवतो, उगाच फिरवत बसावंसं वाटतं. तसंच ते काटेरी झुडपांनाही वाटतं. एका फेऱ्याला 10 मिल असतील आणि तो चुकून एक फेरा जास्त फिरला, तर डायलवर शून्यच दिसतं, गोळी मात्र 100 मीटरवर मीटरभर वरून जाते. त्यावर उपाय झिरो स्टॉपचा, म्हणजे डायल शून्याच्या खाली जाऊ नये म्हणून अडकण. आणि आपोआप फिरू नये म्हणून वर लॉक. दोन्हीचे पैसे वेगळे. डायलवर थेट मीटर कोरून देणारेही आहेत. ते आकडे एका गोळीचे, एका वेगाचे, एका हवेचे. उंच डोंगरावर हवा विरळ झाली की गोळी तेवढी खाली येत नाही, डायलला त्याचा पत्ता नसतो.

आमच्यातले सगळ्यात जुने शिकारी काका हे सगळं ऐकत रायफल पुसत बसले होते. रायफलच्या दस्त्यावर एक पिवळी पडलेली चिकटपट्टी आहे. .308 रायफल, 100 मीटरवर झिरो, म्हणजे तिथे नेम तिथेच गोळी. त्यापुढे गोळी किती खाली येते ते पट्टीवर लिहिलंय: "200 – अर्धी वीत. 300 – हातभर, म्हणून पुढे सरक." डायलवरची टोपी त्यांनी झिरो केल्यापासून काढलेली नाही.

शेवटी मी जर्मन चार नंबरचं रेटिकल घेतलं. डावी, उजवी आणि खालून येणारी जाड पट्टी, मध्ये बारीक फुली. 1962 साली ल्युपोल्ड कंपनीने आणलेल्या ड्युप्लेक्स रेटिकलचंही तत्त्व तेच: मधल्या रेषा अंधारात पुसल्या गेल्या तरी जाड पट्ट्या डोळ्याला बरोबर मध्ये ढकलतात. टोपीखालचा डायल, 0.1 मिल. मित्र म्हणाला, "अरे, याच्यावर 800 मीटरचा नेम कसा धरणार?" 800 मीटरवरचं जनावर गोळी पोचेपर्यंत पाऊल टाकून मोकळं होतं, हे त्याला सांगून झालंय.

त्याचं अजून ठरत नाहीये. रायफल तयार, परवाना तयार, हंगाम संपत आलाय. काल रात्री उशिरा त्याचा फोन आला. रेटिकलचा दिवा लाल बरा की हिरवा?