टाचणात नसलेलं वर्ष

डीएडला पाठ टाचण काढायला शिकवलं, फळ्यावर तारीख कुठल्या कोपऱ्यात टाकायची तेही शिकवलं, पण पहिलीतलं पोर भर तासात "गुरुजी, ह्यान माझा खोडरबर खाल्लान" म्हणून भोकाड पसरत आलं तर काय करायचं याचं टाचण कुठंच नव्हतं. खाल्ला म्हणजे खरंच खाल्ला. स्ट्रॉबेरीच्या वासाचा होता.

टीईटी झाली, टेट झाली, शिक्षक व्हायच्या दोन्ही परीक्षा पार पडल्या आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलने लातूरच्या माणसाला उचलून कोकणात राजापूर तालुक्यातल्या एका वाडीवर टाकलं. शाळा द्विशिक्षकी, पहिली-दुसरी माझ्याकडे, बाकी सगळं मुख्याध्यापक बाईंकडे. शिक्षण सेवक, म्हणजे कायम होण्याआधीचा गुरुजी, म्हणून मानधन 16,000, 2023 च्या आधी सहाच हजार होतं त्यामुळे जुने गुरुजी भेटले की "तुमची मजाय बाबा" म्हणतात, आपण हसायचं.

शिकवणं त्यातल्या त्यात सोपं हो. पण 'अ' अननसाचा काढायला खडू उचलला की ग्रुपवर मेसेज, "अतितात्काळ, आज 11 पर्यंत माहिती सादर करावी", आणि घड्याळात पावणेअकरा झालेले. रेंज फक्त बांधावरच्या फणसाखाली. मग मी फणसाखाली, वर्ग वाऱ्यावर. त्यात कुणाचं आधार मिसमॅच, कुणाची जन्मतारीख चुकलेली, तेवढं निस्तरेपर्यंत खिचडी शिजते. पोरामागे 100 ग्रॅम तांदूळ, 23 पोरं, झाले 2 किलो 300 ग्रॅम, स्टॉक रजिस्टरला लिहा, आधी स्वतः चाखा, मग चव रजिस्टरला "चव उत्तम" लिहून सही करा. भाजलेली जीभ घेऊन दुपारी पाढे.

मला खरं ट्रेनिंग दिलं ते दुसरीतल्या एका पोरीनं. "गुरुजी, शूला एकेकालाच सोडायचा, सगळ्यांक सोडलात तर व्हाळावर जातात." व्हाळ म्हणजे ओढा. बीएडवाल्यांनी सुद्धा लिहून घ्यावं असं वाक्य.

मार्चमध्ये शाळा तपासायला केंद्रप्रमुख आले. टाचणवही चाळली, चहा घेतला, शेरेबुकात दोन ओळी खरडून गेले. मी उघडायच्या आत तीच पोरगी वाकून वाचायला लागली, बोट ठेवून, मोठ्यानं, जोडाक्षरं न अडखळता, "शिक्षकांनी स्वतःचे हस्ताक्षर सुधारावे." जूनमध्ये हिला 'घ' आणि 'ध' मधला फरक कळत नव्हता. तिचं कौतुक करावं की वही हिसकावून घ्यावी याचा विचार चाललेला, तेवढ्यात तिनं दप्तरातून स्वतःची दुरेघी वही काढून माझ्यापुढं ठेवली. आणि बाई ओरडल्या, "सर, पळा फणसाखाली, माहिती मागितलीय!"