पंखा फिरतोय तोवर ट्रॉली हलवायची नाही

छतावर हेलिकॉप्टर, गरगरणारा पंखा, वाकून धावणारे डॉक्टर आणि खाली मजकूर: 'दोन मिनिटांत पेशंट ऑपरेशन टेबलावर! आपल्याकडे कधी?' हा व्हिडिओ एव्हाना बहुतेक ग्रुपवर येऊन गेलाय. दिसायला झकास. पण त्यातले दावे एकेक करून तपासू.

'पंखा थांबायची वाट कोण बघतं?' बहुतेक ठिकाणी बघतातच. इंजिन बंद करण्याआधी थंड व्हायला एखाद-दोन मिनिटं लागतात, तेवढी दिली जातात. चालू पंख्याखाली पेशंट उतरवतात, पण ते अपवादानेच, पायलटच्या परवानगीने आणि तसं प्रशिक्षण घेतलेल्यांनीच.

'वाकून गेलं की झालं.' हा सगळ्यात घातक समज. पूर्ण वेगात पाती ताठ असतात; वेग उतरला की ती लवतात, आणि वारा असेल तर टोक थेट डोक्याच्या उंचीवर येऊ शकतं. म्हणजे 'मंदावला, चला' म्हणायची वेळच सर्वांत वाईट. पायलटने खूण केल्यावर, त्याच्या नजरेसमोरून जायचं. शेपटीकडून कधीच नाही. दार मागे असेल, तर क्रू नेईल तसंच. ट्रॉलीवरची सुटी चादर-उशी खालीच ठेवायची, सलाईनचा स्टँड उभा करायचा नाही. पंख्याचा वारा कमी लेखू नये: मार्च 2022 मध्ये इंग्लंडात प्लिमथच्या डेरिफर्ड हॉस्पिटलमध्ये उतरणाऱ्या जड बचाव-हेलिकॉप्टरच्या झोताने कार पार्कमधली एक वृद्धा पडली आणि दगावली.

'थेट ऑपरेशन टेबलावर.' क्वचित, आणि तेही आधी कळवून ठरलेलं असेल तर. एरवी आधी कॅज्युअल्टीची रिसस खोली, म्हणजे अत्यवस्थ पेशंटला आधी सावरायची खोली. तिथे जीवघेणी घाई नसेल, तर अर्धा-एक मिनिट पेशंटला कुणी हात लावत नाही. वय, वेळ, अपघात कसा झाला, इजा, नाडी-बीपी, दिलेले उपचार, एवढं एकजण सांगतो, बाकीचे ऐकतात. मग उचलायचं. हुकूम डोक्याशी उभ्या असलेल्याचाच, कारण श्वासाची नळी त्याच्या हातात असते. नळी निसटते ती बहुधा अशा उचलाउचलीतच, म्हणून प्रत्येक हलवाहलवीनंतर मॉनिटरवर पेशंटच्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची रेघ पाहायची. रेघ सपाट झाली, तर आधी नळी तपासायची, मॉनिटरला दोष नंतर द्यायचा.

'हेलिपॅड बांधला की काम झालं.' लंडनच्या रॉयल लंडन हॉस्पिटलचा हेलिपॅड 17व्या मजल्यावर आहे. तरी तिथली हवाई टीम डॉक्टरला पेशंटपर्यंत पोचवते आणि बहुतेक पेशंट डॉक्टरसोबत रस्त्यानेच, अँब्युलन्समधून येतात. व्हिडिओत हे कुठून दिसणार?

आणि छतावर पेशंट आलाच, तर खरी परीक्षा लिफ्टची. ट्रॉली, व्हेंटिलेटर आणि चार माणसं एका खेपेत मावली पाहिजेत. लिफ्ट किल्लीने आधीच वर अडवून ठेवायची, मधल्या मजल्यावर थांबू द्यायची नाही. ऑक्सिजनचा हिशोबही आधीच: 340 लिटरचं भरलेलं सिलिंडर मिनिटाला 15 लिटरने जेमतेम 22 मिनिटं पुरतं, त्यामुळे दुसरं भरलेलं सिलिंडर ट्रॉलीवरच हवं. लिफ्ट अडकली की खाली ठेवलेलं कामाला येत नाही.