पाय पाहून अंथरूण

अंथरूण पाहून पाय पसरावेत असं ज्याने सांगितलं, त्याने सर्किट बोर्ड नक्कीच केला नसणार. इथे पाय कारखान्यातूनच पसरून आलेले असतात आणि त्यांच्या मापाचं तांब्याचं अंथरूण घालणं एवढंच आपल्या हाती उरतं. या अंथरुणाला फुटप्रिंट म्हणतात आणि त्यातल्या एकेका पायाखालच्या तुकड्याला पॅड. सर्किट सुचायला एक संध्याकाळ पुरते, बोर्डावर ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या वाटा, ओढणं तर चक्क करमणूक. पण मधेच कुठेतरी आठ पायांची एक चिप ठाण मांडून बसलेली असते आणि तिचं फुटप्रिंट सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत नसतं.

लायब्ररीला नावं ठेवायला जागा नाही. बोर्ड काढायला मी किकॅड वापरतो. ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ साली सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि सोबत हजारो फुटप्रिंट येतात. कुणाला कधी लागत असतील असा प्रश्न पडावा असे कनेक्टरसुद्धा त्यात सुखाने नांदतात. माझ्या चिपचा थोरला भाऊ असतो, धाकटा असतो, चुलत घराणंही असतं. ती तेवढी नसते.

मग डेटाशीट, म्हणजे कंपनीने दिलेलं चिपचं माहितीपत्रक, उघडायची. पहिली पंचवीस-तीस पानं चिप किती गुणी आहे याचे आलेख. मापं शेवटी, स्थळाच्या पत्रिकेत पगाराचा आकडा लिहावा तशी, हळूच. चित्रात आकडे नसतातच. ए, ए-१, बी, डी, ई अशी अक्षरं असतात आणि अक्षरांचा अर्थ खालच्या तक्त्यात. पावलाची लांबी म्हणून तिथे काय लिहिलेलं असतं? किमान ०.४० मिलिमीटर, कमाल १.२७. म्हणजे पाऊल एवढं असेल, नाहीतर याच्या तिपटीहून मोठं असेल. दोन्ही आमच्या घरचीच. आणि शेजारशेजारच्या दोन पायांमधलं अंतरही नेमकं १.२७, म्हणजे रात्री अकरा वाजता कुठला आकडा कुठे टाइप केला याची खात्री राहू नये, अशी चोख व्यवस्था.

बरं, डेटाशीट सांगते ते एका पायाच्या टोकापासून समोरच्या पायाच्या टोकापर्यंतचं अंतर, सहा मिलिमीटर. सॉफ्टवेअर विचारतं पॅडचं केंद्र. या दोघांचं आपसात बोलणं नाही, मधे निरोप्या मी. पायाच्या टोकापुढे किती तांबं ठेवायचं, टाचेमागे किती, बाजूला किती, याची सूत्रं आयपीसी-७३५१ या स्टँडर्डमध्ये दिलेली आहेत. वर तीन जातीही आहेत: ऐसपैस, मध्यम आणि काटकसरी. मी दर वेळी तिन्हींचा गंभीरपणे विचार करतो आणि मध्यम घेतो. ऐसपैस घेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

चिप निदान आहे तशी दिसते. कनेक्टरचं तसं नाही. त्याचं चित्र वरून पाहिलेलं आहे की खालून, हे मुंगीच्या अक्षरात कोपऱ्यात लिहितात आणि कधी कधी तेही वाचकाच्या कल्पनाशक्तीवर सोडतात. शिवाय नर कनेक्टरची एक नंबरची पिन डावीकडे असेल तर समोरून पाहताना मादीची उजवीकडे. तेव्हा कनेक्टर हातात घेऊन डोक्यावर धरायचा, मान वाकडी करायची, आपण बोर्डाखाली उताणे पडलो आहोत अशी कल्पना करायची आणि हवेत बोटाने एक, दोन, तीन मोजायचं. हे करताना घरच्यांनी पाहू नये. पाहिलं तर खरं कारण सांगू नये, त्याने काळजी वाढते.

भोकांचा हिशेबही सरळ नाही. पिन हेडर म्हणजे उभ्या पिनांची रांग; त्याची पिन ०.६४ मिलिमीटरची, म्हणून ०.७ चं भोक, असं कोणीही म्हणेल. पण पिन चौकोनी आणि भोक गोल. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजलं की पिन ०.९ च्या घरात जाते आणि भोक एक मिलिमीटरचं लागतं. शाळेत पायथागोरस कशाला शिकायचा, हे विचारणाऱ्या मुलांना मी हेडर दाखवतो. मुलं हेडर घेतात आणि पळतात.

रेझिस्टरला तर दोनच पाय. तिथे काय अडणार? तिथे ०६०३ हे मापाचं नाव अडतं. इंचवाल्यांचा ०६०३ म्हणजे १.६ बाय ०.८ मिलिमीटर, चिमट्यात धरता येतो. मेट्रिकवाल्यांचाही ०६०३ आहे, तो ०.६ बाय ०.३, श्वास सोडला की जातो. दोन पिढ्यांनी एकच नाव दोन मुलांना ठेवावं, आणि हाक मारल्यावर येईल तो आपला समजावा.

सगळं काढून झालं की सॉफ्टवेअरची तपासणी चालवायची, डीआरसी. ही मोठी कडक असते. दोन पॅड फार जवळ आले, सिल्कस्क्रीनची, म्हणजे बोर्डावर छापलेल्या शाईची, रेघ पॅडवर चढली, की लगेच तक्रार. पण पॅड सात असायला हवेत की आठ, यात ती पडत नाही. बीसी५४७ या ट्रान्झिस्टरची चपटी बाजू समोर धरली तर पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. आकार तोच, अंगरखा तोच. एकाच्या जागी दुसरा बसवला तरी डीआरसी शून्य चुका दाखवून मोकळी. आपणच सांगितलेलं आपल्यालाच तपासून देणारी ही बाई आहे; वस्तू तिने कधी पाहिलेलीच नाही.

म्हणून शेवटी कागद. बोर्ड एकास एक मापात छापायचा आणि खरी चिप त्यावर ठेवून बघायची. यातही प्रिंटरची माया आड येते. कागदात नीट बसावं म्हणून तो सगळं चित्र न विचारता थोडं लहान करतो. मग चिप बसत नाही, आपण हादरतो, सगळी मापं पुन्हा तपासतो, आणि पट्टी लावल्यावर कळतं की कागदावरचे दहा सेंटिमीटरच दहा भरत नाहीत. ते सेटिंग बंद केलं की आठही पाय पॅडवर असे टेकतात की बघत राहावं. मी बराच वेळ बघतो.

बोर्ड छापायला गेले की खरेदी विभागातून फोन येतो.

"सर, ती चिप स्टॉकमध्ये नाहीये. पण दुसऱ्या कंपनीची मिळाली, डिट्टो तशीच. अंगरखाही तोच, एसओआयसी-८ च आहे."

"अंगाची रुंदी किती?"

"तेवढीच असेल हो."

"बघून सांगा."

पानं उलटल्याचा आवाज.

"तुमची ३.९ आहे ना? ही ५.३ आहे. पण सर, पाय आठच आहेत."