पाण्यातले बॅक्टेरिया तेच माशाच्या पोटातले? असं नसतं हो

गेल्या आठवड्यापासून नाशिकच्या आमच्या घरी माशांचे टँक ठेवणाऱ्यांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. मला चार जणांनी पाठवला, एकाने तर मी झूलॉजी शिकवतो म्हणून "सर, हे खरंय का?" असं विचारून पाठवला. मेसेज थोडक्यात असा, की माशाच्या अंगावरचे आणि पोटातले बॅक्टेरिया म्हणजे पाण्यातलेच बॅक्टेरिया, पाणी बदललं की तेही बदलतात, त्यामुळे समुद्रातला मासा घरी आणला की आधी पाच दिवस अँटिबायोटिक देऊन त्याचं पोट कोरं करायचं, मग मासा कुठलाही असो एकच प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी बॅक्टेरियांची, पावडर चालू करायची, आणि मिठाचं प्रमाण बरोबर असेल तर त्याला टँक काय नि समुद्र काय, सारखंच.

अँटिबायोटिकचं वाचून मला राहवलं नाही, कारण हे मी स्वतः केलंय. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून पावडर ब्लू टँग नावाचा समुद्री मासा आणला (टँग म्हणजेच सर्जनफिश), कसारा घाट चढेपर्यंत पिशवी मांडीवर धरून बसलो होतो, आणि घरी आल्यावर एकाच्या सांगण्यावरून कुठलाही आजार दिसत नसताना खाण्यातून औषध चालू केलं. मासा खात होता, चांगला खात होता, पण पोट रोज आत जात होतं. वरून बघितलं तर डोकं जाड आणि मागे नुसती पट्टी, कागदासारखी. एकोणिसाव्या दिवशी गेला. औषधानेच गेला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, प्रवासाचा ताण असतो, इतर कारणं असतात, पण खाऊनही अंगाला लागत नव्हतं हे मी रोज डोळ्यांनी बघत होतो आणि ते अजून डोक्यातून जात नाही.

आता एकेक मुद्दा घेतो.

पहिला, पाण्यातले तेच माशातले. गंगापूर धरणाचं पाणी निम्म्याहून जास्त नाशिक पितं, म्हणून सगळ्यांच्या पोटात सारखेच बॅक्टेरिया आहेत का? माशांचंही तसंच. हिंदी महासागरातल्या रीफवरच्या, म्हणजे प्रवाळाच्या खडकांवरच्या, ४४ जातींच्या माशांच्या कातडीवरचे बॅक्टेरिया आणि त्याच ठिकाणच्या पाण्यातले बॅक्टेरिया शेजारी ठेवून तपासलेत, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि दोन्हीत मोठा फरक निघाला. लक्षात घ्या, ही कातडी आहे, चोवीस तास पाण्याला लागून असलेली! तिथेच एवढा फरक तर आतड्याचं काय. कल्ल्यांवरचे वेगळे, आतड्यातले वेगळे, एकाच माशात.

ह्याहून साधा पुरावा २००६ चा आहे, रीफचा नाही, प्रयोगशाळेतला. निर्जंतुक वाढवलेल्या झेब्राफिश नावाच्या छोट्या माशांमध्ये उंदराच्या आतड्यातले बॅक्टेरिया सोडले आणि तशाच निर्जंतुक उंदरांमध्ये झेब्राफिशचे. बॅक्टेरियाच्या जाती आल्या तिकडच्याच राहिल्या, पण कोण किती वाढायचं हे प्रमाण नव्या यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या पोटात सोडले त्या प्राण्याच्या, नेहमीच्या प्रमाणाकडे झुकलं. म्हणजे कोणाला किती जागा द्यायची हे बरंचसं शरीर ठरवतं.

पाण्याचा काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणत नाहीये, मेसेजमध्ये तेवढा अंश खरा आहे. सिफॅमिया नावाचा छोटासा कार्डिनलफिश आहे, दिवसा समुद्री साळूच्या, म्हणजे सी अर्चिनच्या काट्यांत लपतो आणि रात्री बाहेर पडून शिकार करतो, त्याच्या पोटाशी उजेड देणारा एक अवयव असतो. उजेड माशाचा नाही, बॅक्टेरियाचा, फोटोबॅक्टेरियम मंडपमेन्सिस. नाव ओळखीचं वाटलं ना? आपल्या तमिळनाडूतल्या मंडपमवरूनच पडलंय. हा बॅक्टेरिया पिल्लू पाण्यातूनच घेतं, पण त्या पाण्यात अक्षरशः असंख्य प्रकारचे बॅक्टेरिया असताना त्या अवयवात मुक्काम मिळतो तो ह्याच एकाला. क्लाउनफिशचंही बघा, ॲनिमोनमध्ये, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यात, राहायला लागला की त्याच्या अंगावरच्या चिकट थरातले बॅक्टेरिया बदलतात आणि ॲनिमोनपासून वेगळा केला की परत फिरतात. टँक तोच, पाणी तेच, फरक फक्त तो कोणाला अंग घासतो ह्याचा.

दुसरा मुद्दा, एकच पावडर सगळ्यांना. इथे जरा थांबतो कारण ही गोष्ट मला मनापासून आवडते. १९८५ मध्ये तांबड्या समुद्रातल्या सर्जनफिशच्या आतड्यात एक विचित्र जीव सापडला, अर्ध्या मिलिमीटरहून मोठा, नुसत्या डोळ्यांना टिपक्यासारखा दिसेल एवढा. एवढा मोठा म्हणजे बॅक्टेरिया नसणारच असं सगळ्यांना वाटलं. १९९३ मध्ये सिद्ध झालं की बॅक्टेरियाच आहे! नाव एपुलोपिसियम. आपल्या पोटातला ई. कोलाय साधारण ०.००२ मिलिमीटर, हा ०.६ पर्यंत जातो. हा मिळतो शेवाळ खाणाऱ्या सर्जनफिशच्या गोतावळ्यात, आणि २०१७ मध्ये असंही दिसलं की कोणता सर्जनफिश कोणतं शेवाळ खातो त्यानुसार ह्याचे प्रकारही वेगळे, ज्याला जे शेवाळ फोडायचंय त्याची हत्यारं त्याच्याकडे. आता मुद्द्याचं: हा बॅक्टेरिया अजून कुणाला प्रयोगशाळेत वाढवता आलेला नाही. मग तो डबीत कुठून येणार?

डबीत बहुतेक बॅसिलस नाहीतर लॅक्टोबॅसिलस असतात. कोळंबी आणि तिलापियाच्या शेतीत त्यांचा उपयोग होतो, त्याला माझी ना नाही. पण शेवाळ खाणारा टँग, प्रवाळाचे जीव टिपून खाणारा बटरफ्लायफिश आणि मासे गिळणारा लायनफिश ह्यांच्या पोटातलं काम एकच कसं असेल? रीफवर कायफोसस नावाचा मासा आहे, तो समुद्री शेवाळ खातो आणि आतड्याच्या मागच्या भागात बॅक्टेरिया ते आंबवून त्याला ऊर्जा देतात, गाय कडब्यावर जगते त्यातलाच प्रकार. गाईला आणि मांजराला एकच खुराक कोणी घालतं का?

तिसरा, आधी पोट कोरं करा. कोरं राहत नाही ना ते. जुने गेले की रिकाम्या जागेत जो पहिला पोचेल तो बसतो, आणि टँकमध्ये पहिला पोचणारा बऱ्याचदा त्रास देणाराच असतो. शिवाय औषध पाण्यात उतरलं की फिल्टरमधले अमोनिया खाणारे बॅक्टेरियाही मार खाऊ शकतात, मग अमोनिया वाढतो. आजार असेल तर औषध जरूर द्या, जाणकाराला विचारून. निरोगी माशाला स्वागत म्हणून देऊ नका, हात जोडून सांगतो.

राहिला शेवटचा, मीठ बरोबर म्हणजे समुद्रच. लिटरला ३५ ग्रॅम मीठ मीही मोजतो, पण पनामातल्या एका खाडीत बटरफ्लायफिशच्या एकाच जातीचे मासे वेगवेगळ्या रीफवरून घेऊन तपासले, २०२२ चं काम आहे. जिथे प्रवाळ शाबूत तिथे माशांच्या आतड्यात एंडोझोइकोमोनास नावाचे बॅक्टेरिया भरपूर, हे प्रवाळातही राहणारे. जिथे रीफ उजाड झालंय तिथे ते कमी, आणि माशामाशांतला फरक वाढलेला. खाडी तीच, जात तीच, घर बिघडलं तर पोटातलं बिघडलं. आपला टँक तर त्याहून लांबची गोष्ट.

माझ्याकडे आता दुसरा पावडर ब्लू आहे, नऊ महिने झाले. आल्या दिवसापासून औषध नाही, पावडर नाही, काचेला क्लिप लावून सुक्या समुद्री शेवाळाची शीट, सकाळी एक आणि दुपारी एक, आणि मागची काच मी घासतच नाही, ती त्याला चरायला ठेवलीये. दिवसभर चोच मारल्यासारखं टक टक चालू असतं, पोट गोल आहे. शीट मी जास्तीच्या मागवून ठेवल्यात, ग्रुपमधल्या ज्यांनी नुकताच टँग घेतलाय त्यांनी रविवारी गंगापूर रोडला घरी येऊन दोन-चार घेऊन जा, आणि ज्यांनी औषध आधीच चालू केलंय त्यांनी माशाचा वरून काढलेला फोटो मला आजच पाठवा.